सेवा करणारीलाही भीती वाटते



आजच्या बोलण्याची सुरुवात आम्ही आमच्याच एका चुकीपासून करतो. २०२० चा एप्रिल महिना होता. टाळेबंदी लागली होती. आमच्या गटांपैकी एका गावात उपकेंद्राची सिस्टर भाड्याने खोली घेऊन राहायची. खोली आमच्या गटातल्याच एकीची. सिस्टर रोज सकाळी सर्वेक्षणाला बाहेर पडायची, मुंबई-पुण्याहून गावी परतलेल्यांच्या घरी जायची, कुणाला ताप-खोकला आहे का ते लिहून घ्यायची. आठवडाभरात घरमालकीणबाईंनी तिला सांगितलं, "सिस्टर, तुम्ही दुसरीकडे बघा. आमच्या घरात लहान लेकरं आहेत." सिस्टरने पिशवी भरली आणि उपकेंद्रातच झोपायला सुरुवात केली.

आम्हाला हे कळलं, आणि आम्ही काही बोललो नाही. खरं सांगायचं तर आमच्यातल्या बऱ्याच जणींना मनातून बरंच वाटलं.

पुढे बैठका परत सुरू झाल्या तेव्हा तीच सिस्टर रक्त वाढवण्याच्या गोळ्यांची माहिती द्यायला आली. एकीने धीर करून विचारलं, "सिस्टर, त्या दिवसांत तुम्हाला भीती नाही वाटली?" ती म्हणाली, "वाटली की. तुम्हाला वाटली तशीच. तुम्ही दार लावून घेतलंत. मला दार लावून चालत नव्हतं."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. आपण समजतो की सिस्टर, आशाताई, दवाखान्यातली मावशी यांना सवय असते, त्यांना भीती नसते. मग आम्ही ठरवलं की हा विषय नीट समजून घ्यायचा. त्यासाठी लांब जावं लागलं नाही. साथीच्या रोगात सेवा करणाऱ्या बाईची गोष्ट आपल्या पुण्यातच सव्वाशे वर्षांपासून चालत आली आहे.

तिची सुरुवात होते सावित्रीबाईंपासून.

३ जानेवारीला आपण सगळ्या गटांत सावित्रीबाई फुल्यांची जयंती करतो. फोटोला हार घालतो, पहिली शाळा, अंगावर पडलेलं शेण, हे सगळं सांगतो. पण त्यांचं शेवटचं वर्ष आपण दोन वाक्यांत उरकतो. आज तिथे जरा थांबू या.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी तो रोग ओळखला. गोदीजवळची दाट वस्ती, धान्याची गोदामं, त्यात उंदीर. मुंबईहून माणसं घाबरून गावाकडे निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही आगगाडीने पुण्यात आला. १८९७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यातल्या पेठांमधून घराघरांत माणसं आजारी पडू लागली. एकाएकी जोराचा ताप, मग काखेत किंवा जांघेत गाठ, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत मृत्यू. आमच्यातल्या वयस्कर बायकांनी त्यांच्या सासवांकडून ऐकलेलं आहे की घरात उंदीर मरून पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या. गाठीच्या तापाची आठवण आपल्याकडे अशी तोंडातोंडी राहिली आहे.

त्याच वर्षी दुष्काळही होता. अंगात बळ नाही आणि वर रोग.

सावित्रीबाई तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. जोतिरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता आणि लष्करात नोकरी करत होता. हा यशवंत म्हणजे काशीबाई नावाच्या विधवा बाईचा मुलगा. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी जोतिराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरात प्रसूतीची सोय केली होती, तिथे त्याचा जन्म झाला. त्या काळात अशा बाईच्या अंगाला हात लावायला कुणी तयार नसे, तेव्हा सावित्रीबाईंनी तिचं बाळंतपण काढलं. आजारी माणसाची सेवा ही गोष्ट त्यांना म्हातारपणी सुचलेली नव्हती. ती आधीपासूनची होती.

प्लेग आला तेव्हा त्यांनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना काढायला लावला. गावापासून लांब, मोकळ्या हवेत. रोगी आणायचं काम त्या स्वतः करत. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला, पांडुरंगला, प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन ससाणे मळ्यात आल्या. आज मुंढवा आणि हडपसरच्या मधे मगरपट्ट्याच्या उंच इमारती आहेत. तेव्हा शेतं आणि पायवाटा होत्या. साठी ओलांडलेली बाई, पाठीवर तापाने फणफणलेलं पोर, आणि एवढी वाट.

सेवा करता करता त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ही गोष्ट सांगताना आपण म्हणतो, "सावित्रीबाईंनी जिवाची पर्वा केली नाही." खरं आहे. पण आम्हाला आता वाटतं की एवढ्यावर थांबणं बरोबर नाही. त्यांनी तो धोका का पत्करला? कारण त्या मुलाला उचलायला दुसरं कुणी नव्हतं. महारवाड्यातल्या मुलाला वरच्या जातीचा कुणी शिवणार नव्हता. आणि त्यांना वाचवायला काय होतं? हातमोजे नव्हते, लस पुण्यात पोचली नव्हती, रोग कसा पसरतो हेही माहीत नव्हतं. त्यांच्या धैर्याला आपण नमस्कार करतो, तेव्हा त्यांना एकटं पाडणाऱ्या परिस्थितीकडेही बघायला हवं.

आता त्या वेळच्या माहितीबद्दल. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. म्हणजे जंतू सापडला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे १८९७ च्या मार्चमध्ये कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे घाणीतून, कुणी म्हणे हवेतून, कुणी म्हणे धान्यातून. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवलं की प्लेगने मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू रोग पसरवते. लोकांनी आधी त्यांचं ऐकलं नाही. ते सगळ्यांनी मानायला पुढे आणखी काही वर्षं गेली. उंदीर मेला की त्याच्या गार पडलेल्या अंगावरून पिसवा उड्या मारून माणसावर येतात. आपल्या आज्या-पणज्या उंदीर पडले की घर सोडायच्या, त्यात केवढं शहाणपण होतं बघा.

हे कळल्यावर सेवा करणाऱ्यांच्या भीतीचं रूपच बदललं. गाठीचा प्लेग रोग्याच्या नुसत्या स्पर्शाने सहसा होत नाही, त्याला पिसू लागते. फुप्फुसाचा प्लेग मात्र रोग्याच्या खोकल्यातून पसरतो आणि तो फार वाईट. म्हणजे एका रोग्याजवळ बसताना अंथरूण-पांघरूण स्वच्छ आणि पिसवांशिवाय पाहिजे, दुसऱ्याजवळ बसताना नाक-तोंड झाकलेलं पाहिजे. माहिती नव्हती तोवर सगळ्या रोग्यांची सारखीच भीती होती. माहिती आली की कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे वेगळं करता येतं.

लसीचंही तसंच. वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ तेव्हा मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगवरची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांना दिली गेली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. सावित्रीबाई गेल्या त्याच्या दोनच महिने आधीची ही गोष्ट. मुंबईत एका खोलीत लस तयार होत होती आणि पुण्यात सेवा करणारी बाई तिच्याविना रोग्याला उचलत होती. पुढच्या प्रत्येक साथीत हा प्रश्न आपल्यासमोर येतो. उपाय निघाला तरी तो आधी कुणाला मिळतो?

आता त्या साथीची दुसरी बाजू. पुण्यात लोकांना रोगाची जेवढी भीती होती, तेवढीच सरकारी इस्पितळाची होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला. पुण्यात वॉल्टर रँड नावाचे अधिकारी प्लेग समितीचे प्रमुख झाले. १३ मार्चपासून, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर तीन दिवसांनी, सैनिकांनी घरझडत्या सुरू केल्या. गोरे शिपाई बुटांसह देवघरापर्यंत जात. रोगी सापडला की त्याला इस्पितळात नेत, घरच्यांना स्वारगेटच्या छावणीत नेऊन ठेवत, सामान जाळत. गाठ आहे का ते पाहण्यासाठी बायकांच्याही अंगाला हात लावला जाई. या अपमानाने लोक पेटून उठले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे.

पुस्तकात फारसं नसतं ते घरातल्या बायकांचं. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, कोठीच्या खोलीत, गोठ्यात. मग त्या लपवलेल्या रोग्याला पाणी कोण पाजणार? त्याचे कपडे कोण धुणार, गाठीला शेक कोण देणार? घरातली आई, बायको, सून. तिला दोन्हीकडून धोका. रोग लागायचा धोका आणि शिपाई यायचा धोका. जबरदस्तीने साथ आवरायला गेलं की लोक दवाखान्यापासून पळतात आणि सेवेचा सगळा भार अंधाऱ्या खोलीत एकट्या बाईवर पडतो. त्या बायकांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. पण सेवा करणाऱ्यांच्या इतिहासात त्याही आहेत.

त्याच साथीत पुण्यात एक वेगळी वाटही निघाली. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ सुरू झालं. आपली माणसं, आपलं अन्न, आपली भाषा असली की लोक रोग्याला घेऊन येतात, हे तिथे दिसलं. इस्पितळाची भीती धाकाने जात नाही, विश्वासाने जाते.

पण विश्वासाने आलेल्या रोग्याजवळ रात्रभर बसायला शिकलेली बाई पाहिजे. तेव्हा ती कुठे होती? पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये बांधलं गेलं, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून. पण त्या काळात नर्सच्या कामात बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती बायका असत. आपल्या घरांतून मुलगी त्या कामाला पाठवणं कमीपणाचं मानत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, परजातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, प्रेताला शिवायचं. "आमच्या घरची बाई हे करणार नाही," असंच उत्तर.

ते उत्तर बदलायला मदत केली ती रमाबाई रानडे यांनी. न्यायमूर्ती रानडे गेल्यावर रमाबाईंनी आपलं आयुष्य बायकांच्या कामाला दिलं. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. त्यांना गोपाळ कृष्ण देवधर यांची साथ होती. सेवासदनात शिवण, लिहिणं-वाचणं होतंच, पण रमाबाईंनी तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवायचं ठरवलं. त्यात विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या. लोक बोलायचे ते बोललेच. पण हळूहळू मराठी घरांतल्या बायका पांढरी साडी नेसून वॉर्डात उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या पगारावर जगू लागल्या.

या गोष्टीकडे आम्ही आमच्या नजरेने पाहतो. सावित्रीबाईंनी एकटीने, प्रशिक्षणाशिवाय, स्वतःच्या जिवावर जे केलं, ते रमाबाईंच्या काळात शिकून, पगार घेऊन करायचं काम झालं. हात कसे धुवायचे, भांडी कशी उकळायची, रोग्याचा ताप कसा मोजायचा, सांसर्गिक रोग्याचे कपडे वेगळे कसे ठेवायचे. नर्सिंग म्हणजे नुसती माया नव्हे, ती विद्या आहे. आणि विद्या असली की भीती आटोक्यात राहते. आपल्या गटातल्या बाईला बँकेत जायची भीती वाटते तेव्हा आपण तिला "घाबरू नकोस" एवढंच म्हणत नाही. तिला सही करायला शिकवतो, स्लिप भरायला शिकवतो. तसंच हे.

विद्या असली तरी भीती संपत नाही, हे मात्र पुढच्या साथींनी दाखवलं. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि पावसाळा सरता सरता तिची दुसरी लाट फार भयंकर झाली. देशात एक कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. तो रोग श्वासातून पसरत होता, त्यावर लस नव्हती, औषध नव्हतं. उपाय एकच, कुणीतरी उशाशी बसून पाणी, पेज आणि धीर देणं. आणि धोका त्या उशाशी बसणाऱ्यालाच.

पुढे आला एड्स. आमच्या लहानपणी, नव्वदच्या दशकात, या रोगाचं नाव घेतलं तरी लोक अंग चोरायचे. १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. त्या काळात दवाखान्यांमध्येही अशा रोग्याच्या खाटेजवळ जायला माणसं कचरायची. खरं तर हा रोग हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने होत नाही. सिस्टरला खरा धोका असतो तो वापरलेली सुई बोटात टोचण्याचा. म्हणून नियम आले. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, ती लगेच कटरने तोडून ठरलेल्या डब्यात टाकायची. टोचलीच तर बोट पिळायचं नाही, चोखायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, आणि लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत, औषध सुरू करून ते २८ दिवस घ्यायचं. हा नियम माहीत असलेली आणि औषध मिळण्याची खात्री असलेली सिस्टर रोग्याचा हात धरते. माहिती नसलेली किंवा डब्यात औषध नाही हे ठाऊक असलेली सिस्टर मागे सरते. दोघींच्या मनात माया सारखीच असू शकते. फरक तिच्या पाठीशी काय आहे याचा आहे.

आता आपल्या डोळ्यांसमोरच्या गोष्टी. पुणे स्टेशनपासून जवळ महानगरपालिकेचं डॉ. नायडू सांसर्गिक रोग रुग्णालय आहे. पुण्यातल्या माणसाला "नायडूत नेलं" म्हटलं की कळायचं, लागट आजार आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, तो या रोगाने देशात झालेला पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून नायडूच्या दारात तपासणीसाठी रांगा लागल्या. सगळं पुणं तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं. आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घशातला नमुना घ्यायला, समोर तोंड उघडून खोकणाऱ्या माणसापुढे, कुणीतरी उभं होतं.

मग ९ मार्च २०२०. दुबईहून परतलेले दोन पुणेकर नायडूत दाखल झाले. महाराष्ट्रातले कोरोनाचे हे पहिले रुग्ण. तारीख बघा, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशीची. आपल्यापैकी कुणाला तेव्हा हा रोग नीट माहीत नव्हता. नायडूतल्या सिस्टरांनाही तो नवीनच होता. पण त्यांना वॉर्डात जावं लागलं.

मार्चच्या अखेरीस पंतप्रधानांनी नायडूतल्या सिस्टर छाया जगताप यांना फोन केला. ते बोलणं देशभर लोकांनी ऐकलं. सुरुवात त्यांनी मराठीतून केली, आणि घरच्यांच्या मनातली भीती कशी काढली हे विचारलं. सिस्टरनी काळजी वाटते हे नाकारलं नाही, पण काम करावंच लागतं असं सांगितलं. रोगी घाबरून येतात तेव्हा त्यांच्याशी बोलून त्यांना धीर देतो, हेही सांगितलं. आम्हाला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते असं की एका सिस्टरला तिच्या घरच्यांच्या भीतीबद्दल कुणीतरी विचारलं. आपल्या गावातल्या सिस्टरला आपण तेवढंही विचारलं नव्हतं.

सुरुवातीला देशात पीपीई किटची टंचाई होती. ते अंगभर कपडे, दोन-दोन हातमोजे, चष्मा, घट्ट मास्क घालून सिस्टर सहा-सहा, आठ-आठ तास काम करत. मधे पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही. पाळी आली तर काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आणि आम्हाला नवीन कळलं ते हे, की किट घालताना जेवढा धोका नसतो तेवढा ते उतरवताना असतो. बाहेरच्या बाजूला जंतू असतात. आधी हातमोजे, मग झगा, मग चष्मा, शेवटी मास्क, आणि दर वेळी हात स्वच्छ करायचे. आठ तासांच्या पाळीनंतर, पाय लटपटत असताना, हे सगळं न चुकता करायचं. एक चूक झाली तर रोग घरी जाणार. म्हणून कित्येक सिस्टर आठवडेच्या आठवडे घरी गेल्याच नाहीत. कुणी लेकरांना खिडकीतून पाहिलं, कुणी फोनवरून. इतकं करूनही पुण्यातल्या रुग्णालयांमध्ये सिस्टरांना लागण झालीच.

गावोगावी आशाताईंचं तेच. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत त्या दारोदार फिरल्या, ताप मोजला, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. त्यांच्या हातात यंत्र होतं, पण कित्येक ठिकाणी मास्क त्यांनाच विकत घ्यावे लागले. वर काही दारं तोंडावर बंद झाली. त्यातली काही दारं आमची होती.

आता एक कायद्याची गोष्ट, जी प्रत्येक गटाने लिहून ठेवावी. रँडच्या काळातला १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्येही लागू होता. त्या जुन्या कायद्यात अधिकाऱ्यांना संरक्षण होतं. कायद्याप्रमाणे काम करताना त्यांनी काही केलं तर त्यांच्यावर दावा लावता येत नसे. पण रोग्याची सेवा करणारीला कुणी मारलं, हाकललं तर काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. १२३ वर्षांनी, २२ एप्रिल २०२० रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून त्यात ती भर घातली आणि पुढे संसदेने ती मंजूर केली. साथीच्या काळात डॉक्टर, सिस्टर, आशाताई यांच्यावर हल्ला केला तर तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. गंभीर इजा केली तर कैद सात वर्षांपर्यंत. आणि हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे. तिला राहणं किंवा काम करणं अशक्य होईल असा त्रास देणं, हेही त्यात येतं.

हे वाचलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्या गावात सिस्टरला खोली सोडायला सांगितली ती एप्रिलमध्येच.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झालं. पुण्यातच बनलेली कोविशील्डही त्यात होती, आणि पहिला मान आरोग्य सेवकांना मिळाला. १८९७ मध्ये लस एका गावी आणि सेवा करणारी दुसऱ्या गावी होती. या वेळी लस आधी तिच्या दंडात गेली. हा बदल आपोआप झालेला नाही. तो मधल्या सगळ्या माणसांच्या मरणातून आणि शिकण्यातून झाला आहे.

तर सख्यांनो, या सगळ्यातून आम्हाला काय समजलं ते सांगतो. भीती वाटणं हा सेवा करणारीचा दोष नाही. तिची भीती आपल्याला काहीतरी सांगत असते. हातमोजे नाहीत, माहिती नाही, राहायला जागा नाही, आजारी पडले तर घर कोण बघेल हे माहीत नाही. तिला "तू देवी आहेस" म्हणून हार घालणं सोपं असतं. तिच्यामागे उभं राहणं अवघड असतं. देवीला भीती वाटत नाही असं आपण धरून चालतो, आणि मग तिला मास्क दिला का हे विचारायचं राहून जातं.

आणि हे काही फक्त दवाखान्यातलं नाही. आपल्या घरात क्षयाचा रोगी असला की सिस्टर कोण असते? आपणच. तेव्हा आपल्यालाही भीती वाटते आणि बोलायची चोरी होते, कारण सुनेने, आईने घाबरायचं नसतं असं मानलं जातं. घाबरा, पण माहिती घेऊन घाबरा. क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा, ऊन-वारा येऊ द्या. रोग्याला खोकताना तोंडावर रुमाल किंवा मास्क धरायला सांगा. तुमची स्वतःची आणि लेकरांची तपासणी करून घ्या. औषध नियमित सुरू झालं की रोग पसरायचं प्रमाण लवकर कमी होतं, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू देऊ नका. आणि सेवेची पाळी लावा. एकाच बाईच्या गळ्यात सगळं घालू नका.

आमच्या गटांनी तीन ठराव केले आहेत. पहिला, साथ आली तर गावात येणाऱ्या सिस्टरला आणि आशाताईला राहायची, पाण्याची आणि शौचालयाची सोय गट करेल. दुसरा, ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघाला की मास्क, हातमोजे आणि साबण आहेत का, हा प्रश्न गटाची एक बाई उभी राहून विचारेल. तिसरा, दर वर्षी १० मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, गावातल्या सिस्टरला आणि आशाताईला बैठकीत बोलवायचं. नारळ-साडी द्यायला नव्हे. "या वर्षी तुम्हाला कशाची भीती वाटली?" एवढं विचारायला आणि तिचं उत्तर ठरावाच्या वहीत लिहून घ्यायला.

पहिल्या वर्षी आम्ही त्या सिस्टरला बोलावलं. तिची बदली झाली होती, तरी दुसऱ्या गावाहून एसटीने आली. ज्यांनी तिला खोली सोडायला सांगितली होती त्या ताई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सिस्टर, चुकलं आमचं." सिस्टर थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुमची लेकरं लहान होती, मला माहीत आहे. पण जाताना मला एकदा तरी विचारायचं होतं, रात्री कुठे झोपणार म्हणून."

तेवढं आम्ही वहीत लिहून घेतलं. सख्यांनो, तुमच्या बैठकीतही हा विषय घ्या, आणि तुमच्या गावातल्या सिस्टरला आजच विचारा. साथ येईपर्यंत थांबू नका.

नमस्कार.